क्षमा कोणी करावयाची?

धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातील देव्हारा उतरला. टाक गेले, नवस गेले, अंगात येणे थांबले. परंतु एक प्रश्न मात्र कित्येक घरांतून अद्याप गेलेला नाही. वडीलधारी मंडळी तो उघडपणे विचारतात, तरुण मंडळी मनातल्या मनात विचारतात. प्रश्न असा की, आपल्या धम्मात देव नाही हे पटले. पण मग माणसाच्या हातून पाप घडले तर त्याला माफ कोण करणार? आणि ज्याने आपल्यावर अन्याय केला, त्याला शिक्षा कोण करणार?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावात न्याय मिळाला नाही, चावडीवर मिळाला नाही, त्यांनी तो वर मागितला, यात त्यांचा काय दोष? खालचे दार बंद होते म्हणून माणसे वर पाहत होती. तेव्हा देवाचे वचन, देवाची दया आणि देवाची शिक्षा या तीन गोष्टी धर्मग्रंथांत कशा सांगितल्या आहेत, हे आपण शांतपणे तपासले पाहिजे. तपासताना कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. आणि ज्या तराजूत दुसऱ्याचे ग्रंथ तोलावयाचे, त्याच तराजूत आपलेही ग्रंथ ठेवले पाहिजेत. तसे न करणे हा बौद्धाचा प्रामाणिकपणा नव्हे.

एकाच मुखातून दोन वचने

प्रथम बायबल घेऊ. त्यातील जुना करार हा ज्यू लोकांचा धर्मग्रंथ आहे आणि ख्रिस्ती लोकही तो मानतात. त्यातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात सीनाय पर्वतावर देव मोशेला आपली ओळख करून देतो. आपण दयाळू आहोत, लवकर रागावत नाही, अपराधांची क्षमा करतो, असे तो सांगतो. पण बोलणे तेथेच थांबत नाही. त्याच दमात तो असेही सांगतो की, अपराध्याला आपण मोकळा सोडत नाही आणि बापाच्या पापाचा झाडा मुलांकडून, नातवांकडून, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो.

आता त्याच जुन्या करारातील यहेज्केल या संदेष्ट्याचे पुस्तक पाहा. इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबिलोनच्या राजाने ज्यू लोकांना पकडून आपल्या देशात नेले. त्या बंदिवासातील लोकांत एक म्हण पडली होती. आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले लेकरांचे, असा तिचा अर्थ. या म्हणीवर यहेज्केलच्या १८ व्या अध्यायात देव संतापतो आणि बजावतो की, यापुढे ही म्हण कोणी उच्चारू नये. बापाचे पाप मुलाच्या माथी येणार नाही. जो पाप करील तोच त्याचे फळ भोगील, आणि दुष्ट मनुष्य आपला मार्ग सोडून न्यायाने वागू लागला तर तोही वाचेल.

मग खरे कोणते? ही विसंगती आजच्या टीकाकारांनी शोधून काढलेली नाही. खुद्द ज्यू पंडितांनाच ती जाणवली होती. मोशेने जे ठरविले होते ते यहेज्केलने येऊन रद्द केले, असे एका पंडिताचे मत त्यांच्या तालमुद ग्रंथात नोंदलेले आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. बंदिवासात खितपत पडलेल्या मुलांना बापाच्या पापाचा हिशेब असह्य झाला. त्यांची न्यायबुद्धी जागी झाली, आणि देवाच्या जुन्या वचनाला नवे वचन येऊन मिळाले. ग्रंथ बदलला नाही, पण त्याचा निवाडा माणसाने बदलून घेतला.

आता आपल्या देशातील ग्रंथाकडे वळू. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात (श्लोक २९) भगवान सांगतो की, मी सर्व भूतांना सारखाच आहे. माझा कोणी द्वेष्य नाही, कोणी प्रिय नाही. लगेच पुढे (श्लोक ३० व ३१) तो म्हणतो की, मनुष्य कितीही दुराचारी असो, तो अनन्यभावाने मला भजत असेल तर त्याला साधूच समजावे. माझ्या भक्ताचा नाश होत नाही. अठराव्या अध्यायात (श्लोक ६६) तर मला एकट्याला शरण ये, मी तुला सर्व पापांतून सोडवीन, असे अभिवचनच आहे.

पण सोळाव्या अध्यायात (श्लोक १९ व २०) तोच भगवान म्हणतो की, माझा द्वेष करणाऱ्या क्रूर नराधमांना मी पुन्हा पुन्हा आसुरी योनीत फेकतो आणि ते जन्मोजन्मी अधिकाधिक अधोगतीला जातात. ज्याला कोणी द्वेष्य नाही, तो कोणाला फेकतो? आणि जन्मोजन्मी खालीच लोटले जाणाऱ्याला शरण येण्याची संधी केव्हा मिळावयाची?

मेळ घालणारे काय म्हणतात?

भाविक पंडितांपाशी याला उत्तरे आहेत आणि ती ऐकून घेतली पाहिजेत. बायबलच्या पक्षाचे म्हणणे असे की, देवाची धमकी आणि देवाचे आश्वासन दोन्ही सशर्त असतात. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय १८) हा नियम कुंभाराचे उदाहरण देऊन सांगितला आहे. राष्ट्र सुधारले तर ठरविलेली शिक्षा टळते, बिघडले तर कबूल केलेले कल्याणही रद्द होते. गीतेच्या बाबतीत शंकराचार्य अग्नीचा दाखला देतात. अग्नी कोणाशी पक्षपात करीत नाही. जो जवळ येतो त्याची थंडी जाते, जो दूर राहतो तो कुडकुडतो. त्याचप्रमाणे ईश्वर सम आहे, अंतर आहे ते माणसाच्या बाजूने.

उपमा चांगली आहे. पण ती सोळाव्या अध्यायापर्यंत पोहोचत नाही. अग्नी दूर बसलेल्या माणसाला उचलून बर्फात फेकत नाही. तेथे तर ‘मी फेकतो’ असे स्वतः भगवान म्हणतो. आणि शर्तीच्या नियमाने धमकी व आश्वासन यांचा मेळ बसतो हे मान्य केले, तरी चौथ्या पिढीतील नातवाने कोणती शर्त मोडली होती, याचे उत्तर मिळत नाही.

तरीही आपण क्षणभर असे धरून चालू की, पंडितांनी सर्व वचनांचा मेळ घातला. दया आणि शिक्षा यांत काही विसंगती उरली नाही. म्हणजे प्रश्न सुटला काय? नाही. कारण खरी उणीव दोन वचनांमधील भांडणात नसून दोन्ही वचनांत जे सांगितलेच नाही त्यात आहे.

तिसरा माणूस कोठे आहे?

भागवत पुराणाच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा आपल्या वाडवडिलांनी कीर्तनात कितीदा ऐकली असेल. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण लग्नाच्या बायकोला टाकून एका दासीसह राहू लागला. जुगार, फसवणूक आणि चोरी यांवर पोट भरू लागला. मरतेवेळी त्याने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते. एवढ्या नामोच्चाराने विष्णूचे दूत धावून आले आणि त्यांनी यमदूतांच्या हातून त्याला सोडविले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला आणि तो गंगाद्वारी जाऊन साधना करू लागला, हेही कथेत आहे.

या कथेत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. यमदूत आपली फिर्याद मांडताना त्या टाकलेल्या बायकोचा उल्लेख करतात. परंतु सुटकेचा निर्णय होतो तेव्हा तिला कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना कोणी विचारत नाही. यमदूत आणि विष्णुदूत यांचा वाद झाला, अजामिळ सुटला, प्रकरण मिटले! जिच्या आयुष्याची माती झाली, ती फिर्यादीत आहे, पण निकालात नाही.

हीच ती उणीव. पाप करणारा आणि देव, असा दोघांचाच व्यवहार होतो. देव दया करो की शिक्षा करो, ज्याच्यावर अन्याय झाला तो तिसरा माणूस मात्र दाराबाहेर उभा असतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या वतीने परस्पर क्षमा करण्याचा अधिकार तिसऱ्याच कोणाला कोठून आला? माझे कर्ज बुडविणाऱ्याला शेजाऱ्याने माफी दिली, तर मी ती माफी समजावी काय?

येथेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, देव मानणाऱ्या लोकांतही हे ज्यांना दिसले असे विचारवंत झाले. ज्यू लोकांचा वर्षातून एक प्रायश्चित्ताचा दिवस असतो. त्यांच्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट नियम आहे की, माणसाने देवाचे जे अपराध केले ते त्या दिवशी फिटतात. पण माणसाने माणसाचे जे अपराध केले, ते त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज फिटत नाहीत. हा नियम करणाऱ्यांनी तिसऱ्या माणसाला आत बोलावले. त्यांचे हे श्रेय आपण मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

आपल्या देशात मात्र हे दार फार काळ बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. पुढे सनातन्यांनी काय केले? गाईचे शेण, मूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाण्याची शुद्धी केली! धर्माच्या हिशेबी दोष पाण्याला लागला होता आणि तो मंत्राने गेला. ज्यांची डोकी फुटली त्या माणसांना त्या विधीत कोठेच जागा नव्हती. माणसाला वगळून पापपुण्याचा हिशेब मांडला म्हणजे तो येथवर येऊन पोहोचतो.

आपल्या ग्रंथांचे काय?

आता आपल्या घराकडे पाहू. तिपिटकात विसंगत वाटणारी वचने नाहीत काय? आहेत. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात सुभ नावाचा तरुण विचारतो की, कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी, कोणी दरिद्री तर कोणी श्रीमंत, कोणी नीच कुळात तर कोणी उच्च कुळात, असे का? तेथे उत्तर येते की, हे पूर्वी केलेल्या कर्मामुळे. हे वाचून आपले लोक गोंधळतात. वाड्यातल्या भटजीने जे सांगितले तेच बुद्धाने सांगितले काय?

पण संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक नेमका हाच प्रश्न घेऊन तथागतांकडे येतो. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, हे खरे काय? तथागत सांगतात की, असे म्हणणारे मर्यादा ओलांडतात. काही दुःखे पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतुबदलाने, काही स्वतःच्या निष्काळजीपणाने, आणि काही दुसऱ्याने केलेल्या आघाताने. कर्मविपाक हे त्या यादीतील एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे. दुसऱ्याने केलेला आघात हे एक स्वतंत्र कारण आहे, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. ज्याने मारले तो मारण्यास जबाबदार आहे. मार खाणारा गेल्या जन्मीचे फेडीत नाही.

दोन सुत्तांत असा फरक दिसला तर काय करावे? परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही अडचण लपविली नाही. प्रस्तावनेतच उघड मांडली. पुढे त्यांनी कसोटीही दिली. तथागत बुद्धिनिष्ठ होते. जे विवेकाला धरून नाही, जे माणसाच्या कल्याणाचे नाही, ते त्यांच्या नावावर घालता येत नाही. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी निक्षून म्हटले. विसंगती आपल्याही ग्रंथांत आहे, परंतु ती लपविण्याची आपल्यावर सक्ती नाही, हा येथे महत्त्वाचा फरक आहे. आपला ग्रंथ ईश्वराचा शब्द नाही. तो तपासता येतो.

मग दयेचे काय? अंगुलिमालाची कथा सर्वांना माहीत आहे. त्याने कित्येकांचे प्राण घेतले होते. तो शस्त्र टाकून भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोहोचला. ही तर अजामिळासारखीच सुटका झाली, असे कोणी म्हणेल. पण सुत्ताचा शेवट वाचावा. अर्हत झाल्यानंतर तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्या अंगावर ढेकळे येतात, काठ्या येतात, दगड येतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो तथागतांकडे येतो. तथागत त्याला काय सांगतात? सोसून घे, हे तुझ्या कर्माचेच फळ आहे. ‘मी याला क्षमा केली आहे’ असे तथागत श्रावस्तीच्या लोकांना सांगत नाहीत. माणूस पूर्ण बदलू शकतो हे त्यांनी मान्य केले, त्याला जवळ घेतले. पण ज्यांची माणसे मेली त्यांच्या वतीने माफीची पावती फाडली नाही.

कारण तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत. असिबंधकपुत्र नावाच्या गामणीला त्यांनी विचारले होते की, एक मोठा दगड डोहात टाकला आणि काठावर जमलेल्या लोकांनी हात जोडून ‘दगडा, वर ये’ अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल काय? प्रार्थनेने दगड तरंगत नाही, आणि कोणाच्या शापाने तेल बुडत नाही.

सुधम्म भिक्खू आणि चित्त गृहपती

तर मग क्षमा कोणी करावयाची? याचे उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात एका घटनेत आले आहे. प्रत्येक बौद्ध कुटुंबाने ती मुलांना सांगावी.

मच्छिकासंड नावाच्या गावी चित्त नावाचा श्रद्धावान गृहपती होता. तेथील विहाराची व्यवस्था सुधम्म भिक्खूकडे होती. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थोर भिक्खू तेथे आले. चित्ताने सुधम्माला आधी न विचारता त्यांना भोजनाचे निमंत्रण दिले. सुधम्माचा अहंकार दुखावला. भोजनाची तयारी पाहण्यास तो गेला आणि म्हणाला की, सर्व काही आहे, तिळाची पोळी तेवढी दिसत नाही. वरवर हे बोलणे साधे दिसते. पण चित्ताच्या घराण्यात पूर्वी कोणी पोळ्या विकणारा होता, आणि सुधम्माने त्याच्या कुळावरून त्याला टोचले, असे अट्ठकथा सांगते. वाडवडिलांच्या धंद्यावरून माणसाला हिणविणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

चित्ताला ते लागले आणि त्याने तसे बोलून दाखविले. सुधम्म रागारागाने श्रावस्तीला गेला आणि तथागतांना सारी हकीगत सांगितली. तथागत आपली बाजू घेतील असे त्याला वाटले असावे. तथागतांनी त्यालाच दोष दिला, आणि संघाने त्याला चित्ताकडे जाऊन क्षमा मागावयास लावावे, असे फर्माविले. सुधम्म गेला; पण तोंडाने शब्द फुटेना, ओशाळून तसाच परत आला. तेव्हा तथागतांनी काय केले? ‘तुला पश्चात्ताप झाला ना, मग पुरे’ असे म्हटले नाही. त्यांनी त्याच्यासोबत एक भिक्खू द्यावयास सांगितले आणि त्याला पुन्हा पाठविले. सुधम्माने चित्ताची क्षमा मागितली, तेव्हाच प्रकरण मिटले.

येथे भिक्खू गृहस्थापुढे वाकला. खुद्द बुद्ध समोर असतानाही क्षमेचा अधिकार बुद्धाकडे नव्हता. तो ज्याचे मन दुखावले त्या चित्ताकडे होता. आणि ज्याचे पाय क्षमा मागावयास अडखळतात, त्याला संघाने सोबत दिली; त्याला टाकून दिले नाही. करुणा ती हीच. अपराध पुसून टाकणे म्हणजे करुणा नव्हे. अपराध्याला ज्याचे त्याने नुकसान केले त्याच्या दारापर्यंत पोहोचविणे ही करुणा होय.

घरातला धम्म

हे सर्व तत्त्वज्ञान चार भिंतींच्या आत उतरले नाही तर त्याचा उपयोग काय? आज कित्येक घरांत देव्हाऱ्याच्या जागी बुद्धमूर्ती आली आहे, पण मनातला जुना व्यवहार तसाच आहे. रात्री दारू पिऊन बायकोला मारावयाचे आणि पौर्णिमेला विहारात जाऊन मेणबत्ती लावावयाची. धाकट्या भावाचा वाटा दाबावयाचा आणि विहाराच्या बांधकामाला देणगी द्यावयाची. अशा माणसाने बुद्धाचा विष्णू केला आणि स्वतः अजामिळ झाला, एवढेच झाले! मूर्तीपुढील मेणबत्ती बायकोच्या अंगावरचे वळ पुसत नाही. तिची क्षमा तिच्यापाशीच मागावी लागेल, आणि ती देणे न देणे तिच्या हाती राहील. ती ‘नाही’ म्हणाली, तरी हात उचलणे थांबवावेच लागेल. क्षमा हा अपराध्याचा हक्क नव्हे.

याच न्यायाने, आपल्यावर अन्याय करणाऱ्याला देव पाहून घेईल, असे म्हणत स्वस्थ बसणेही बौद्धाला शोभत नाही. त्याला कायद्यापुढे उभे करणे, साक्ष देणे, साक्षीदाराला धीर देणे ही माणसांची कामे आहेत. भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणत्याही देवाच्या वचनावर विसंबून नव्हे. माणसांनी एकत्र बसून ते वचन एकमेकांना दिले आणि ते पाळण्याची जबाबदारीही माणसांवरच टाकली.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी पुन्हा विचारले की, आपल्याला माफ कोण करणार, तर त्यांना नम्रपणे सांगावे: ज्याचे आपण वाईट केले, तो. आणि तो हयात नसेल तर? तर त्याच्या लेकराबाळांचे जे देणे लागते ते द्यावे, आणि तसे कर्म पुन्हा हातून होऊ देऊ नये. याहून सोपा मार्ग दुसऱ्या धर्मांत सांगितलेला असेल. पण आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो मार्ग स्वीकारला, तो सोपा म्हणून स्वीकारलेला नाही. तो स्वच्छ आहे म्हणून स्वीकारला आहे.